थरोब्रेड घोड्याचं व्यक्तिचित्र तैलरंगात: रेखाटन मारवाडीसारखं का दिसतंय?

तापीतीर (शहादा)
राम राम मंडळी. सेक्रेटेरिएट या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याचं तैलचित्र करायला घेतलं आहे. २४ × ३० इंच सुती कॅनव्हास, आडवा. घोडा उभा, बाजूने दिसणारा, संपूर्ण. सारंगखेड्याच्या बाजारातल्या घोड्यांची पेन्सिल आणि जलरंगातली चित्रं हातात बसलेली आहेत, पण हे कच्चं रेखाटन काही केल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचं, वाटत नाही. रंग तांबूस केला तरी घोडा मारवाडी जातीचाच दिसेल असं वाटतंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रेखाटनात काय चुकतंय? तांबूस अंगाची चमक कोणत्या रंगांनी येते? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तैलरंग वापरताना काय सांभाळायचं? रेखाटनाचा फोटो सोबत जोडला आहे.

सरळरेघ (धुळे)
भाऊ, रेघ झकास शे, पण कान आणि मान आधी पुसा. तुमचा हात सारंगखेड्याच्या घोड्यावर बसला आहे, म्हणून कानांची टोकं आपोआप आत वळून एकमेकांना भिडायला निघालीत. ती खूण मारवाडी आणि काठियावाडीची. थरोब्रेडचे कान सरळ असतात. टोक जेमतेम आत झुकतं, भिडणं तर दूरच. बाजूने पाहताना एक कान पुढे आणि दुसरा किंचित मागे ठेवलात तर घोडा जिवंत वाटतो. दोन्ही एका रेषेत आले की लाकडी खेळणं होतं.

मानेचंही तेच झालंय. आपल्याकडे बाजारात घोडा दाखवताना लगाम खेचून मान कमानीसारखी उचलायला लावतात, आणि तीच कमान तुमच्या रेखाटनात आली आहे. शर्यतीच्या घोड्याची मान लांब असते, खांद्यातून पुढे झेपावल्यासारखी निघते आणि उभा असतानाही पुढे-वर तिरकी राहते. खांद्याचं हाडही तिरकं असतं. खांदा उभा काढलात की पुढचे पाय छातीच्या फार पुढे येतात आणि घोडा टांग्याचा दिसायला लागतो.

मापासाठी डोक्याची लांबी हे एकक धरा, म्हणजे दोन कानांच्या मधल्या टाळूपासून ओठाच्या टोकापर्यंत. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (कमरेमागच्या गोलाईच्या) मागच्या टोकापर्यंत साधारण अडीच डोकी. जमिनीपासून जीन बसतं त्या उंचवट्यापर्यंतही साधारण अडीच डोकी. म्हणजे धड आणि पाय मिळून जवळजवळ चौकोनात बसतात. तुमच्या ३० इंच रुंदीत अंगाची लांबी २० इंच घ्या, म्हणजे डोकं ८ इंचांचं होईल. उरलेली जागा मान, डोकं आणि शेपटीला लागतेच. सध्याच्या रेखाटनात डोकं मला साडेनऊ इंचांच्या आसपास दिसतंय. सगळ्यात मोठी चूक तीच, बाकीच्या तिच्यामागून आल्यात.

नाल_लगाम (अमळनेर)
सरळरेघ यांनी जात पकडली. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. व्यक्तिचित्र जातीचं नसतं, त्या एका घोड्याचं असतं. थरोब्रेडची ओळख नोंदवताना रंग, पांढऱ्या खुणा आणि भोवरे यांची नोंद करतात, कारण हे तिन्ही मिळून दोन घोड्यांत सहसा सारखे येत नाहीत. सारंगखेड्याला व्यापारी भोवरे बघतो तो शुभ-अशुभासाठी. चित्रकाराने तेच भोवरे ओळखीसाठी बघायचे. कपाळावर भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, एक आहे की दोन, मानेच्या वरच्या कडेला कुठे आहे, कुशीत कसा फिरलाय, हे कागदावर आधी लिहून काढा. कुंचल्याची दिशा त्यावरच ठरते. कुशीतल्या भोवऱ्यापाशी केस पंख्यासारखे फाकतात आणि तिथे उजेड दोन तुकड्यांत मोडतो. तो मोड काढला नाही तर पोट फुग्यासारखं गुळगुळीत दिसतं.

सेक्रेटेरिएटचा रंग चेस्टनट, म्हणजे आपल्या भाषेत सुरंग. कपाळावर चांदणी, तिच्यापासून नाकाकडे उतरणारी अरुंद पट्टी, आणि तीन पाय खाली पांढरे. चौथा नाही. त्याला पंचकल्याणी करून टाकू नका. हात सवयीने चौथा पायही पांढरा करतो. उंची १६.२ हँड. हँड म्हणजे ४ इंच आणि टिंबानंतरचा आकडा सुट्या इंचांचा, म्हणजे आपल्या बाजाराच्या हिशोबाने ६६ इंच. शेजारी माणूस काढणार असाल तर हे माप लागेल. साडेपाच फुटी माणसाच्या टाळूच्या पातळीला घोड्याच्या जिनाची जागा यायला हवी.

कोणत्या वयाचा काढताय ते सांगा. १९७३ सालचा, तीन वर्षांचा आणि तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेला, की नंतर पैदाशीला ठेवलेला? तीन वर्षांचा तयारीतला घोडा पोटाशी आत ओढलेला असतो, शेवटच्या दोन-तीन बरगड्यांची पुसट सावली दिसते, मान सडसडीत. पैदाशीच्या घोड्याची मान वरच्या कडेला जाड होते, पोट भरतं. धड एका फोटोतून आणि मान दुसऱ्या वयाच्या फोटोतून घेतली की काहीतरी बिनसल्यासारखं दिसतं आणि कारण सापडत नाही.

तापीतीर (शहादा)
आबा, १९७३ चाच. बेलमाँटची शर्यत ३१ घोडा-लांबींनी आणि २ मिनिटं २४ सेकंदांत जिंकली त्या हंगामातला. संदर्भाला चार फोटो आहेत, पण त्यातल्या दोन फोटोंत पांढरे पाय वेगवेगळे दिसताहेत. कोणता खरा मानायचा?

छायाप्रकाश (भुसावळ)
एक फोटो उलटा छापलेला असणार. जालावर घोड्यांचे आरशासारखे पलटलेले फोटो फार. पडताळायचे तीन मार्ग आहेत. जिनाखालच्या कापडावरचा आकडा सरळ वाचता येतो का ते बघा. कपाळावरची पट्टी नाकाकडे येताना कोणत्या बाजूला सरकते ते चारही फोटोंत जुळवा. आणि धावतानाचा फोटो असेल तर आतलं कुंपण बघा: अमेरिकेत शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने होते, म्हणजे कुंपण घोड्याच्या डाव्या हाताला हवं. ज्या फोटोत आकडा वाचता येतो तो पक्का धरून बाकीचे त्याच्याशी ताडा. पांढरा पाय चुकला तर त्या घोड्याच्या चाहत्याला चित्र पाहताक्षणी कळतं.

डोकं मोठं का आलं त्याचं कारणही फोटोतच आहे. रुंद भिंगाने जवळून काढला की जे जवळ ते फुगतं. डोकं मोठं, पुठ्ठा बारीक, पाय आखूड. पुढे कधी स्वतः फोटो काढाल तेव्हा घोड्यापासून निदान ८ ते १० मीटर लांब उभे राहा, झूम दुप्पट किंवा तिप्पट ठेवा, आणि कॅमेरा घोड्याच्या कोपराच्या उंचीवर धरा. डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पाठ जास्त दिसते आणि पाय खुजे होतात. सकाळी साडेआठच्या आधीचं किंवा सायंकाळचं तिरकं ऊन घ्या. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात पाठ पांढरीफेक आणि पोट काळं, मधले स्नायू गायब.

प्रत्यक्ष थरोब्रेड बघायला पुण्याचा पावसाळी हंगाम किंवा मुंबईला महालक्ष्मीचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिलचा हंगाम. शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात, तिथे उभं राहून बघा. फोटोची परवानगी आधी विचारा, आणि फ्लॅश कधीच नको.

सरळरेघ (धुळे)
कॅनव्हासवर उतरवताना चौकटी पाडा. फोटो ८ × १० इंच छापून घ्या आणि त्यावर एक-एक इंचाच्या चौकटी आखा: ८० चौकटी. कॅनव्हास २४ × ३०, म्हणजे बरोबर तिप्पट. तिथे तीन-तीन इंचांच्या ८० चौकटी. स्टुडिओवाला ८ × १२ छापून देतो, ते प्रमाण जुळत नाही, म्हणून छापायच्या आधीच कातरून घ्या. कॅनव्हासवर पेन्सिल नको, ग्रॅफाइट पुढे पातळ रंगातून वर दिसत राहतं. पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाने (तांबूस तपकिरी रंगाने) बारीक कुंचल्याने काढा. चुकलं तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं जातं.

मागचा पाय काढताना हॉक, म्हणजे मागे टोकदार दिसणारा सांधा, पुढच्या गुडघ्यापेक्षा वर असतो हे लक्षात ठेवा. तो आपल्या घोट्याच्या जागेचा सांधा आहे, गुडघा नाही. खरा गुडघा वर, कुशीच्या खाली. हॉक आणि पुढचा गुडघा एका पातळीला काढले की घोडा मागे बसल्यासारखा दिसतो. आणि खुराच्या वरचं तिरकं हाड, पॅस्टर्न, याचा कल आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा कल जवळपास एकच ठेवा. थरोब्रेडचा पॅस्टर्न लांबट आणि तिरका असतो. उभा काढलात तर सगळा तोल जातो.

जवसफूल (चोपडा)
आता रंगाचं. चेस्टनट घोड्याला काळा रंग लागत नाही. आयाळ आणि शेपूटही अंगाच्याच रंगाची किंवा थोडी फिकी असते. काळी आयाळ, काळी शेपूट, गुडघ्याखाली काळे पाय ही बे रंगाची, म्हणजे कुमैताची खूण. तांबूस अंग आणि काळी शेपूट काढली की घोडाच बदलला.

पॅलेटवर एवढं पुरे: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, थोडा कॅडमियम ऑरेंज, आणि खोल तांबड्यासाठी अलिझरिन क्रिमसन. पांढऱ्याची ४० मिलीची एक ट्यूब, बाकी २० मिलीच्या. या मापाला पुरून उरतात.

मधला टोन: बर्न्ट सिएना तीन भाग, यलो ऑकर एक भाग. उजेडाकडे जाताना ऑकर वाढवा आणि नखावर मावेल इतका ऑरेंज. सावलीत बर्न्ट सिएनात अलिझरिन आणि अल्ट्रामरीन, अगदी खोल जागी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन समसमान. हे मिश्रण काळ्यापेक्षा खोल दिसतं आणि मरत नाही.

चमक कुठून येते, हा तुमचा खरा प्रश्न. चमक म्हणजे तांबड्यात पांढरा मिसळणं नव्हे. तसं केलं की गाजराच्या हलव्यासारखा दुधाळ रंग होतो. खरारा केलेला केस आरशासारखं आभाळ दाखवतो. म्हणून पाठीवर, पुठ्ठ्याच्या वरच्या गोलाईवर आणि खांद्याच्या वरच्या टोकाला उजेडाचा डाग निळसर हवा: पांढऱ्यात अल्ट्रामरीन टोकभर आणि सिएना टोकभर. हाच राखी-निळा ठिपका तांबड्याच्या शेजारी ठेवला की घोडा चकाकतो. पोटाखाली उलट. तिथे जमिनीचा उजेड वर येतो, म्हणून सावली थंड न ठेवता ऑकर आणि सिएनाने ऊबदार करा. पोटाची कड निळी-काळी केलीत तर घोडा जमिनीपासून सुटलेला दिसेल.

सरळरेघ (धुळे)
जवसताई, एक भर घालतो. चमकेची कड सगळीकडे सारखी नको. ज्या जागी हाड कातडीच्या जवळ आहे, जसा पुठ्ठ्याचा वरचा कोपरा, गुडघा किंवा गालाचं हाड, तिथे कड टोकदार. ज्या जागी मांस आहे तिथे पुसट. थरोब्रेडची कातडी पातळ असते, म्हणून तोंडावर, पोटाखाली आणि मांडीच्या आत शिरा दिसतात. त्या रेघ म्हणून काढू नका. शिरेच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला किंचित सावली, मध्ये अंगाचाच रंग. दोन-तीन ठिकाणी पुरे, सगळीकडे काढल्या तर पानाचा सांगाडा होतो.

तापीतीर (शहादा)
जवसताई, कॅनव्हासला आधी पिवळसर रंग मारायचा की पांढराच ठेवायचा?

जवसफूल (चोपडा)
पांढरा ठेवू नका, डोळा फसतो आणि सगळे टोन गडद वाटतात. मी राखी-हिरवट आधी मारायला सांगेन: बर्न्ट अंबर, ऑकर, थोडा अल्ट्रामरीन आणि पांढरा, टर्पेंटाइनने पातळ. तांबडा त्याच्यावर उठून दिसतो.

छायाप्रकाश (भुसावळ)
मला हे पटत नाही, ताई. चेस्टनटसाठी बर्न्ट सिएनाची पातळ झिलई जास्त बरी. कुंचल्याच्या फटींतून जे दिसेल ते घोड्याच्याच रंगाचं राहतं, राखी दिसत नाही. राखी तळ कुमैत किंवा ग्रे घोड्याला द्यावा. नवख्याच्या हातून चेस्टनटखाली राखी तळ राहिला तर घोडा आजारी दिसतो.

जवसफूल (चोपडा)
नवख्यासाठी मान्य. तापीतीर, तुम्ही सिएनाच मारा. एक दिवस सुकू द्या.

नाल_लगाम (अमळनेर)
डोळ्यावर कोणी बोललं नाही. जवळून बघा. घोड्याची बाहुली माणसासारखी गोल नसते. आतला काळा भाग आडवा, लांबट, कडा गोलावलेला. त्याच्या वरच्या काठावर दोन-चार काळसर दाण्यांसारखे उंचवटे असतात, नीट उजेडात दिसतात. बाहुलीभोवतीचा रंग गडद तपकिरी, पांढरा भाग शांत घोड्यात सहसा दिसतच नाही. तो दाखवलात तर घोडा घाबरलेला दिसेल. वरची पापणी कोनात मोडते, माणसाच्या डोळ्यासारखी बदामी नाही. पापण्यांचे केस वरच्या बाजूला, सरळ आणि पुढे-खाली झुकलेले. खालच्या पापणीच्या कडेवर ओलावा असतो, तिथे एक बारीक उजळ रेघ.

उजेडाचा ठिपका बाहुलीच्या मधोमध नको. वरच्या पापणीच्या सावलीला लागून, आणि पांढरा नव्हे तर आभाळाचा फिका निळा. तुमचं डोकं ८ इंचांचं, म्हणजे डोळा अर्ध्या इंचाच्या आसपास. एवढ्या जागेत शून्य नंबरचा गोल कुंचला लागेल, आणि रंग लोण्याइतका मऊ हवा.

नाकपुडीच्या आत काळं छिद्र काढू नका. आतला भाग गडद गुलाबी-तपकिरी असतो आणि वरच्या कडेला सावली. दमलेल्या घोड्याची नाकपुडी गोल फुगते, उभ्या शांत घोड्याची स्वल्पविरामासारखी राहते. तुमचा घोडा उभा आहे, म्हणून स्वल्पविराम.

छायाप्रकाश (भुसावळ)
पांढऱ्या खुणांबद्दल थोडंसं. पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते, बाकी अंगाखाली काळसर. म्हणून चांदणीच्या आणि पायाच्या पांढऱ्याच्या काठावर केस विरळ होतात तिथे राखी-निळसर पट्टा दिसतो. पांढऱ्याची कड कात्रीने कापल्यासारखी न ठेवता या राखीतून तांबड्यात न्या, केसांच्या दिशेने. पाय पांढरा म्हणून शुद्ध पांढरा लावायचा नाही. सावलीकडे राखी-जांभळट, जमिनीजवळ ऑकर मिसळलेला, आणि शुद्ध पांढरा फक्त एका-दोन टोकांवर. पांढऱ्या पायाचा खूरही सहसा फिका, काळसर पायाचा गडद. खुराच्या वरच्या कडेवर पांढऱ्यात काळे ठिपके असले तर त्या ठिपक्यांखाली खुरावर गडद उभ्या रेघा उतरतात. नाल शर्यतीची म्हणजे पातळ अॅल्युमिनियमची. टांग्याच्या घोड्यासारखी जाड लोखंडी पट्टी काढलीत तर पाय जड होईल.

आयाळ आखूड आणि एका बाजूला पाडलेली. आपल्याकडे वेण्या, मणी, गोंडे, चांदीचे दागिने घालतात. इथे त्यातलं काही नाही. साधा लगाम, चामड्याचा पट्टा, बस. सेक्रेटेरिएट धावताना निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे ब्लिंकर, म्हणजे डोळ्यांच्या बाजूची झापडं, घालायचा. उभ्या चित्रात ते नकोत, डोळा झाकला जातो.

तापीतीर (शहादा)
मनात दुसरंही चित्र आहे, धावतानाचं. त्यात पाय पुढे-मागे पूर्ण ताणलेले घेतले तर वेग जास्त दिसतो. चालेल का?

सरळरेघ (धुळे)
नाही चालणार भाऊ. चारही पाय हवेत आणि पुढे-मागे ताणलेले, असा क्षण धावणाऱ्या घोड्याला येतच नाही. जुन्या चित्रांत तसंच काढत. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं १८२१ चं एप्सम डर्बी या शर्यतीचं चित्र बघा, सगळे घोडे पोटावर उडताहेत. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी फोटो काढले तेव्हा दिसलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

चौखूर धावण्यात चार ठोके पडतात. डाव्या पुढच्या पायाची आघाडी असेल तर क्रम असा: उजवा मागचा, डावा मागचा, उजवा पुढचा, डावा पुढचा, आणि मग सगळे पाय गोळा होऊन हवेत. वेग सगळ्यात छान दिसतो तो मागचा एकच पाय जमिनीवर आणि बाकी पसरलेले असताना, किंवा शेवटचा पुढचा पाय टेकून अंग त्याच्यावरून जाताना. तेव्हा खुराच्या वरचा सांधा जवळजवळ जमिनीला लागतो, इतका भार येतो. तो सांधा ताठ काढलात तर सगळी धाव खोटी. बेलमाँटची धाव मातीची, म्हणून मागे धूळ-माती उडते, गवत नाही.

जवसफूल (चोपडा)
आता मे महिना. तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. त्यामुळे उष्णतेने लवकर सुकतो खरा, पण टर्पेंटाइन पॅलेटवर पाहता पाहता उडतं आणि रंग ओढला जात नाही. सकाळी सहा ते दहा काम करा. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम. कूलरचा झोत थेट कॅनव्हासवर नको: ओलाव्याने सुती कापड सैल पडतं, आणि गवताच्या जाळीतला बारीक भुसा ओल्या रंगावर येऊन बसतो. कूलर दाराशी, कॅनव्हास बाजूला, पाठीमागून पातळ सुती कापड झाकलेलं. वावटळीच्या दिवसांत खिडकी बंदच ठेवा.

तेल चित्रकाराचं शुद्ध केलेलं लिनसीडच घ्या. लिनसीड म्हणजे जवस, म्हणून घाणीवरून खाण्याचं जवस तेल आणायचा मोह होतो. त्यात गाळ आणि चिकट द्रव्यं राहतात, थर मऊ राहतो आणि लवकर पिवळा पडतो. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं लिनसीड लाकडासाठी असतं, त्यात वाळवण्याची द्रव्यं जास्त, ते चित्रात काळवंडतं. तिथलंच तारपीन बहुधा पेट्रोलियमचं असतं. कुंचले धुवायला चालेल, रंगात मिसळायला चित्रकाराचं घ्या.

थरांचा नियम एकच: खाली कमी तेल, वर जास्त तेल. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ. दुसरा थर ट्यूबमधला जसाच्या तसा. शेवटचे थर अर्धं तेल अर्धं टर्पेंटाइन घातलेले. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. अंबर लवकर सुकतो, म्हणून खालच्या थराला चांगला. टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक सावकाश, ते जाड थरात खाली नकोत.

तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, चोळामोळा झालेल्या कापडात ती साठते आणि कापड आपोआप पेटू शकतं. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर तशी मुळीच टाकू नका. फडकी पाण्यात भिजवून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा, किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा.

तापीतीर (शहादा)
अॅक्रिलिक वापरून ही कटकट वाचेल का?

जवसफूल (चोपडा)
वाचेल, पण घोड्याचं अंग म्हणजे एका टोनमधून दुसऱ्यात सरकणं, आणि मे महिन्यात अॅक्रिलिक दोन-चार मिनिटांत कातडं धरतं. करायचंच तर ओली पॅलेट करा: ताटात पाण्याने भिजवलेला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, झाकण. पहिला थर अॅक्रिलिकचा आणि वरचा तैलरंगाचा, असंही चालतं. उलट चालत नाही, तेलावर अॅक्रिलिक धरत नाही.

छायाप्रकाश (भुसावळ)
पार्श्वभूमीचं काय ठरवलंय? जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने १७६२ च्या आसपास व्हिसलजॅकेट हा घोडा जवळजवळ खऱ्या मापाचा काढला आणि मागे काहीच ठेवलं नाही. साधा फिका रंग आणि मागच्या खुरांपाशी थोडीशी सावली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तोही चेस्टनटच. पहिल्या चित्राला हा मार्ग घ्या. मैदान, प्रेक्षक, झाडं यांत हात गुंतला की घोडा मागे पडतो. राखी-हिरवट फिकी पार्श्वभूमी चेस्टनटला खुलवते. जवसताईंचा राखी इथे कामाला येईल. खुरांखालची सावली मात्र विसरू नका, टेकलेल्या जागी सगळ्यात गडद आणि लगेच विरणारी.

आणि फोटो दुसऱ्याचा असेल तर चित्र विकण्याआधी त्या छायाचित्रकाराची परवानगी घ्या. घरात लावायचं असेल तरी चार फोटो बघून स्वतःची मुद्रा उभी करणं बरं.

नाल_लगाम (अमळनेर)
वॉर्निशची घाई नको. चित्र वरून सुकलं तरी आत महिनोन् महिने काम चालू असतं. साधारण सहा महिने थांबा. मे महिन्यात चित्र पुरं झालं तर दिवाळीनंतर. मधल्या काळात अंबरचे भाग मलूल, खोल गेल्यासारखे दिसतील, तिथे रीटच वॉर्निशचा (मधल्या काळात चालणाऱ्या तात्पुरत्या वॉर्निशचा) पातळ हात द्या. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे बुरशी धरते. भिंत आणि चौकट यांच्यात बोटभर फट ठेवा. कापड सैल पडलं तर मागच्या लाकडी पाचरी हलक्या ठोकून ताणा.

तापीतीर (शहादा)
मंडळी, खूप उपकार झाले. नवं रेखाटन जोडतोय. डोकं ८ इंच, कान सरळ, मान खाली आणली. आकडा वाचता येणारा फोटो पक्का धरून पांढरे पाय ताडले. तरी डोळ्याखालचा भाग बोजड वाटतोय.

सरळरेघ (धुळे)
कॅनव्हास उलटा करून बघा, आणि आरशातही. आता दिसलं का? गालाचं हाड डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीच्या दिशेने जी धार धरून उतरतं ती तुम्ही मध्येच सोडली आहे. तिथे मांस नसतं, सरळ हाड आणि पातळ कातडी. धार अर्ध्या वाटेपर्यंत न्या, मग विरू द्या, आणि जबड्याची गोलाई पाव इंच आत घ्या. कानाच्या बुडापाशी जबडा सुटतो तिथे एक छोटी सावली राहू द्या.

नाल_लगाम (अमळनेर)
आणि कपाळावरचा भोवरा अजून काढलेला नाही, तापीतीर. चांदणी लावायच्या आधी त्याची जागा खूण करून ठेवा. पांढरे केस त्याच्याभोवतीच फिरतात.